मांडव वाऱ्यानं उडाला, बोल मात्र तिच्या पायांना

अर्चनानं पर्समधून रुमालाची गाठोडी काढली, माझ्या टेबलावर ठेवून सोडली. आत पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं एक हळकुंड होतं. दोऱ्याचा रंग घामानं जागोजागी उतरला होता. हळकुंडाचं एक टोक तुटलं होतं.

"मॅडम, हे ठेवू का सोडून देऊ? आई म्हणती तुळजापूरला नेऊन सोड. सासरी म्हणायलेत घरात नको, त्याच्यामुळंच सगळं व्हायलंय."

पंचमीनंतरचा आठवडा होता. आखाड पाळायला म्हणून माहेरी आलेली ही मुलगी पंचमी झाली तरी परत जायचं नाव घेईना, म्हणून आई तिला लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली होती. लग्नाला तीन महिने झाले होते. अर्चना चोवीस वर्षांची, बीएस्सी झालेली, औसा तालुक्यातली. नवरा गोविंद परभणी जिल्ह्यातला, कृषी पदवीधर, तालुक्याच्या गावी स्वतःचं कृषी सेवा केंद्र. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघांनीही हे लिहायला आनंदानं परवानगी दिली.)

मी विचारलं, "सगळं म्हणजे काय काय?"

ती बोटं मोडून मोजायला लागली. मांडव उडाला. मंगळसूत्र राहिलं. गाडी चुकली. अडचण आली. आणि मग आईकडे एकदा बघून अगदी हळू आवाजात म्हणाली, "आणि अजून आमच्यात काहीच नाही."

आईला मी बाहेर बसवलं.

ही काळजी घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत मुली जास्त असतात, पण मुलगेही येतात. लग्नाच्या दिवशी काहीतरी बिनसतं: कुणाच्या शालूवर होमातली ठिणगी उडते, कुणी नवरदेव घोड्यावरून पडतो, कुणाकडे ऐन पंगतीत जेवण संपतं. पुढे फिरायला गेल्यावर आणखी काही बिघडतं. आणि प्रश्न एकच येतो, सुरुवातच अशी झाली तर पुढे कसं होणार? हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेत नाही. विचारणारी व्यक्ती अनेक रात्री झोपलेली नसते.

अर्चनाचं लग्न १४ मेला, तिच्याच गावी, रस्त्यालगतच्या शेतातल्या मांडवात होतं. मुहूर्त गोरज, संध्याकाळी ६ वाजून ४८ मिनिटांचा. दुपारभर झाडाचं पान हलत नव्हतं. पाचच्या सुमाराला आभाळ भरून आलं. नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीच्या पारापर्यंत पोचला आणि वावटळ सुटली. मांडवाचं कापड फाटून बांधावरच्या बाभळीवर जाऊन अडकलं. खुर्च्या रस्त्यावर गेल्या. आचाऱ्यानं वरणाच्या पातेल्यावर परात झाकली तोवर टपोरे थेंब आणि पाठोपाठ गारा. लाइट गेली. दोन्हीकडची माणसं जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात दाटीवाटीनं उभी राहिली आणि तिथंच मोबाइलच्या उजेडात अंतरपाट धरला.

मंगळसूत्र घालायची वेळ आली तेव्हा कळलं की पिशवीच नाही. ती गोविंदच्या मावशीकडे दिलेली होती, आणि निघायच्या गडबडीत गावाकडे देवघराच्या कोनाड्यातच राहिली होती. दोनशे किलोमीटरवर. गुरुजी शांत माणूस. त्यांनी ओटीतलं एक हळकुंड उचललं, दोरा हळदीत भिजवून त्यात बांधलं आणि म्हणाले, "ही जुनी रीत आहे. सोनं नव्हतं तेव्हा हेच होतं." गोविंदनं ते अर्चनाच्या गळ्यात बांधलं. तिला ती ओली दोरी गार लागली, ते तिला अजून आठवतं. "मला खरं सांगू का, तवा छान वाटलं होतं," असं ती म्हणाली. हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलं.

त्यानंतर पाचेक मिनिटांत मावशींचा आवाज आला. दोन बायांशी बोलत होत्या, पण व्हरांडा लहान. "घरात पाऊल पडायच्या आधीच मांडव उडाला, सोनं विसरलं. पांढऱ्या पायाची दिसती."

मराठवाड्यात वाढलेल्या बाईला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्या सुनेच्या येण्यानं घराला उतरती कळा लागते असं मानतात, ती पांढऱ्या पायाची. नवरा आजारी पडला, म्हैस मेली, बोअर कोरडा गेला, सगळ्याचा हिशोब तिच्या पावलांवर मांडला जातो. पायगुण चांगला असला तर त्याचं कौतुक दोन दिवस टिकतं, वाईट ठरला की आयुष्यभर.

त्याच पावसाचा तिच्या माहेरी मात्र वेगळा अर्थ लागला होता. चुलत्यानं भिजलेल्या डोक्यावर हात ठेवून तिला चिडवलं होतं, "लहानपणी कढईत जेवत होतीस ना, घे आता." कढईत जेवलं की लग्नात पाऊस येतो हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. एकाच पावसाला एका घरात लाडाचा अर्थ आणि दुसऱ्या घरात दोषाचा. मला तर याचं फार वाईट वाटतं की ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात मांडवावर पाऊस पडला म्हणून एका मुलीनं तीन महिने स्वतःच्या पायांकडे बघत बसावं.

आता फिरायला जाण्याचं. १६ तारखेला सत्यनारायण, १८ ला तुळजापूरचं दर्शन, आणि मग मनाली. गोविंदनं दोन महिने आधी तिकिटं काढली होती. परभणीहून दुपारच्या गाडीनं मनमाड आणि मनमाडहून रात्री बारा पस्तीसची दिल्लीकडची गाडी. तिकिटावर तारीख २१ मे. दोघं २१ तारखेला दुपारी निघाले, रात्री साडेदहाला मनमाडला उतरले, बारापर्यंत बाकावर बसले. गाडीचं नाव फलकावर येईना म्हणून गोविंदनं एका तिकीट तपासनिसाला मोबाइल दाखवला. तो म्हणाला, "ही तर काल रात्रीच गेली."

ही चूक फार जण करतात. रात्री बारा वाजले की तारीख बदलते. २१ तारखेची ००:३५ ची गाडी म्हणजे २० तारखेला रात्रीचं जेवण करून स्टेशन गाठायचं. आपल्या बोलण्यात मात्र झोपून उठेपर्यंत तोच दिवस असतो, म्हणून डोकं फसतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या जोडप्याला मी हे आता आवर्जून सांगते.

गोविंदनं घरी फोन लावला. आईला म्हणाला, "गाडी चुकली." पलीकडून मावशींचा आवाज अर्चनालाही ऐकू आला, "पुन्हा? काय पायगुण म्हणावा." गोविंद म्हणाला, "बघतो काय करायचं ते," आणि फोन ठेवला. तारीख वाचण्यात आपली चूक झाली, हे त्यानं सांगितलं नाही.

त्याच रात्री, त्याच प्लॅटफॉर्मवर अर्चनाला पाळी आली. लग्न, पूजा आणि देवदर्शनात अडचण नको म्हणून घरच्यांनी तिला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या होत्या. तुळजापूरहून आल्यावर १८ तारखेला संध्याकाळी तिनं त्या बंद केल्या. नॉरएथिस्टेरॉनच्या या गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे ती २१ च्या आसपास येणारच होती. पूजेचे दिवस सगळ्यांनी मोजले, त्या मुलीचे स्वतःचे दिवस कुणीच मोजले नाहीत. या गोळ्या मैत्रिणीनं सांगितल्या म्हणून मेडिकलमधून आणून घेऊ नयेत, हेही इथं सांगायला हवं. रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास, यकृताचे विकार, अर्धशिशी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचंच. आणि त्या गर्भनिरोधक नाहीत, त्यावर विसंबू नये.

मनाली राहिली. पहाटे शिर्डी, तिथून पुणे आणि पुण्याहून महाबळेश्वर. मे महिन्यात ऐन हंगामात खोली कुठे मिळणार? मिळाली ती पाचगणीत, दोन वेगळ्या खाटांची. गोविंदचं पोट बिघडलं. दोन दिवस तो ताक-भातावर. मनालीसाठी घेतलेली जाड स्वेटरं पिशवीतच राहिली. पाचव्या दिवशी दोघं परत आले. घरी नणंदा वाट बघत होत्या, फोटो दाखवा म्हणून.

पुढचे दोन महिने कसे गेले ते अर्चना सलग सांगू शकली नाही. मावशींनी उतारा सांगितला, नारळ-लिंबू ओवाळून टाकलं. रात्री गोविंद जवळ आला की तिचं अंग आखडायचं, दुखायचं. एक-दोनदा तसं झालं आणि मग त्यालाही जमेना. तो दुकानातून उशिरा यायला लागला. सकाळी सासूबाई आडून विचारायच्या. शब्द साधे, "सगळं बरंय ना?", पण त्यात गोड बातमीची घाई असायची. आखाड लागला तशी ती सुटल्यासारखी माहेरी आली.

पहिल्या भेटीत मी तिला एकच विचारलं, "या सगळ्यातलं सगळ्यात जास्त काय लागलं?"

मला वाटलं ती मावशींचं वाक्य सांगेल. ती म्हणाली, "ते वाक्य यांनी ऐकलं होतं का नव्हतं, हे मला माहीत नाही. शेजारीच होते. फेट्याची शेव नीट करत होते. विचारायची हिंमत होईना. ऐकलं नसेल तर ठीक. पण ऐकून गप बसले असतील तर..."

इतकी वर्षं हे काम करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. पाऊस, चुकलेली गाडी, बिघडलेलं पोट यांनी संसाराला धक्का लागत नाही. त्या वेळी आपलं माणूस कुठल्या बाजूला उभं होतं, हे मनात कोरलं जातं. बाहेरच्यानं बोल लावला की बाई सहन करते. नवरा त्यावर गप्प राहिला की त्या बोलाला त्याची सही झाली असं तिला वाटतं. तो बिचारा नुसता गोंधळलेलाही असू शकतो, पण शांततेचा अर्थ ऐकणाऱ्यानं लावायचा असतो आणि घाबरलेलं माणूस तो वाईटच लावतं.

गोविंद पुढच्या शनिवारी आला. आधी मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. तो रागावलेला असेल असं मला वाटलं होतं, पण तो लाजेनं वाकलेला होता. "मॅडम, मला काय बोलाव तेच कळंना गेलं. लग्नात आईच्या बहिणीला कसं बोलू? आणि मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं." शरीराबद्दल विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझ्यातच काहीतरी दोष असंल."

मी त्याला त्याच्याच विषयावर आणलं. कृषी केंद्रात बसून हा माणूस रोज शेतकऱ्यांना हवामानाचा अंदाज वाचून दाखवतो. मी विचारलं, "मेच्या मध्याला संध्याकाळी आपल्याकडे काय होतं?" तो एका दमात बोलून गेला. दिवसभर जमीन तापते, हवा वर चढते, समुद्राकडून बाष्प आलेलं असेल तर दुपारनंतर ढग उभे राहतात, वादळी वारा, वीज, गारा. वळीव. "आणि गोरज मुहूर्त किती वाजता असतो?" तो थांबला. "त्या दिवशी तुमच्या आसपास अजून किती लग्नं होती?" त्याला आठवत होतं, येताना रस्त्यात त्यांनीच पाच मांडव मोजले होते. सगळे भिजले असणार. "मग त्या पाचही नवऱ्या पांढऱ्या पायाच्या?"

तो हसला नाही. "मला हे तवाच माहीत होतं, मॅडम," इतकंच म्हणाला.

हेच मला त्याच्याकडून हवं होतं. असा तर्क मी अर्चनाला दिला असता तर तिनं मान हलवली असती आणि घरी जाऊन पुन्हा पायांकडे बघितलं असतं. शिकलेल्या माणसाला वळीव कळतो. त्याला जे माहीत होतं ते त्यानं योग्य वेळी, योग्य माणसांसमोर बोलायला हवं होतं.

मग दोघांना एकत्र बसवलं. मी गोविंदला सांगितलं, सकाळपासून लग्नाचा दिवस सांग. अर्चनाला सांगितलं, तुझी आठवण वेगळी असेल तिथं त्याला थांबव. तो सांगत गेला. ट्रॅव्हल्स, परण्या, वावटळ, शाळेचा व्हरांडा, गुरुजी, हळकुंड. "मग आम्ही जेवायला बसलो," तो म्हणाला.

"इथं थांबा," अर्चना म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता. "हळकुंड आणि जेवण, मधलं काय?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मी मध्ये बोलले नाही. गोविंदनं बराच वेळ टेबलावरच्या हळकुंडाकडे बघितलं.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "मावशी बोलली ते. मी ऐकलं होतं आणि मला बोलायला पाहिजे होतं. पिशवी तिनंच विसरली होती, हे पण मला माहीत होतं."

अर्चना रडली. खूप रडली. पण ते रडणं वेगळं होतं, आणि ते ऐकून गोविंदही रडला. तीन महिने ज्याची तिला भीती वाटत होती तेच त्यानं कबूल केलं होतं, आणि तरी तिचे खांदे खाली आले. खरं काय ते कळलं की माणूस त्यावर उभं राहू शकतं, अधांतरी लटकणं जास्त दमवतं.

त्यानंतर मनमाडची रात्र निघाली. तारीख आपण चुकीची वाचली हे घरी न सांगितल्याचं त्यानं स्वतःहून कबूल केलं. आणि त्याच रात्रीतली एक गोष्ट अर्चना सांगायची विसरली होती. गोविंद सांगायला लाजत होता, मी खोदून काढली. पाळी आल्याचं तिनं त्याला खुणेनं सांगितलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. तिला बायकांच्या प्रतीक्षालयात बसवून तो स्टेशनबाहेर गेला. दोन मेडिकल बंद होती, तिसरं उघडं मिळालं. कुठलं घ्यायचं ते कळेना म्हणून तीन वेगवेगळी पाकिटं घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि सोबत गरम पाण्याची बाटली.

"तीन?" मी विचारलं.

"त्यानं विचारलं कुठलं देऊ, मी म्हटलं सगळी द्या," गोविंद म्हणाला. अर्चना रडता रडता हसली. "मी हे विसरलेच होते," ती म्हणाली. विसरणारच. अपशकुनाची यादी करायला बसलं की तिच्यात न बसणारं सगळं आपोआप गळून पडतं.

मी गोविंदला एकच काम दिलं. तिकिटाची चूक तुझी होती, हे आईला तूच सांगायचं. अर्चनासमोर, आणि मावशींबद्दल वाईट न बोलता. भांडण काढायचं नव्हतं. घरातल्या गोष्टीतून तिचे पाय बाहेर काढायचे होते. त्याला बारा दिवस लागले. अर्चना तोवर सासरी परतली होती. एका रात्री जेवणं झाल्यावर, वडीलही बसलेले असताना तो म्हणाला, "आई, मनमाडला गाडी माझ्यामुळं चुकली. तारीख मी चुकीची वाचली. अर्चनाचा काय संबंध नव्हता. आणि लग्नात मावशी जे बोलली ते मला आवडलं नव्हतं." आई भांडी गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "मग तवाच सांगायचं की." एवढंच. ज्या वाक्याच्या धाकानं तो तीन महिने पोळला होता, त्याला उत्तर म्हणून आईनं एक ताट दुसऱ्या ताटावर ठेवलं.

प्रत्येक घरात इतक्या सहज निभावतं असं नाही. काही घरांत बोल लावणारी माणसं हट्टाला पेटतात. तिथंही नवऱ्यानं एकदा स्पष्ट बोलणं गरजेचं असतं, समोरचा ऐको न ऐको, कारण ते वाक्य मुळात बायकोसाठी असतं.

राहिला त्यांच्यातला, खोलीतला प्रश्न. मी आधी अर्चनाला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत काही दोष नव्हता. भीतीनं ओटीपोटाखालचे स्नायू आवळले जातात, त्यामुळं दुखतं, दुखलं की भीती वाढते आणि पुढच्या वेळी ते आणखी आवळतात. गोविंदचंही तसंच. 'जमेल का' या धास्तीत असलेल्या शरीराला जमत नाही, त्यात पुरुषपणाचा काही संबंध नाही. दोघांना मी सांगितलं, पुढचे तीन आठवडे संबंध ठेवायचाच नाही. परवानगी फक्त जवळ बसण्याची, हात धरण्याची, पाठीवरून हात फिरवण्याची, ज्याला जिथं नको वाटेल तिथं थांबण्याची. ही पद्धत अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीनं मांडून आता अर्धशतक उलटलं, आणि माझ्या अनुभवात ती आपल्या गावाकडच्या जोडप्यांनाही तितकीच लागू पडते. परीक्षाच रद्द झाली की अंग सैल पडतं. पुढच्या पायऱ्या हळूहळू, तिच्या गतीनं. कोरडेपणासाठी औषध दुकानात मिळणारं जेल वापरायला लाजू नका, हेही सांगितलं.

गोविंदनं विचारलं होतं, एवढ्या साध्या गोष्टी आम्हाला कुणी का नाही सांगितल्या? मी त्याला र. धों. कर्व्यांबद्दल सांगितलं. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून या विषयावर मराठीत मासिक चालवलं, खटले सोसले. शंभर वर्षांमागे आपल्या भाषेत हे बोललं गेलं आणि तरी आजही लग्नाआधी मुलामुलीला मानपानाची यादी मिळते, शरीराची माहिती मिळत नाही. याचा मला मनापासून त्रास होतो.

म्हणून या अनुभवाच्या निमित्तानं, नव्यानं लग्न झालेल्यांना थोडं थेट सांगते. पहिल्या रात्री काही झालं नाही, पहिल्या आठवड्यात झालं नाही, तर काही बिघडलेलं नाही. चार दिवसांचे विधी, पाहुणे, अपुरी झोप, मेचं ऊन आणि जवळपास अनोळखी माणूस. शरीर दमलेलं असतं. पहिल्या वेळी रक्त आलं नाही यावरून मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही, अनेकींना ते येतच नाही. लग्नानंतर लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं हेही पुष्कळ जणींना होतं. तो मूत्रमार्गाचा संसर्ग असतो, भरपूर पाणी प्यावं, संबंधानंतर लघवीला जाऊन यावं आणि अंगावर न काढता डॉक्टरांकडे जावं. औषधानं तो बरा होतो. फिरायला जायचंच असेल तर देवदर्शन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी निघू नका. घरी दोन दिवस झोपा. आणि काही महिने प्रयत्न करूनही दुखणं किंवा न जमणं चालूच राहिलं तर उतारे शोधत बसू नका, दोघं मिळून डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे या. एकटीला पाठवू नका. एकटी आली की दोष तिच्याच नावावर लागतो.

दिवाळीच्या आधी अर्चना आणि गोविंद शेवटचे येऊन गेले. पाडव्याच्या ओवाळणीचं काय करायचं यावर दोघांचा वाद चालला होता, माझ्यासमोरच, अगदी मोकळा. मी फार काही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

हळकुंडाचा प्रश्न तेव्हा निघाला. गोविंदच्या घरी दोन एकर हळद असते, तिकडे परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यात ते मोठं पीक आहे. अर्चनानं विचारलं, हे शेतात लावलं तर उगवेल का? गोविंद म्हणाला, नाही, हळकुंड शिजवून वाळवलेलं असतं, त्याला कोंब फुटत नाही. मग ती म्हणाली, "ठेवूनच देते. डब्यात सोन्याच्या शेजारी." कुणी हरकत घेतली नाही.

पुढच्या वर्षी मेमध्ये तिचा फोन आला. गोविंदच्या चुलतभावाचं लग्न होतं, गोरज मुहूर्त, आणि पाच वाजता आभाळ भरून आलं होतं. मागून माणसांचा गलका, मांडवाच्या कापडाची फडफड ऐकू येत होती. ती म्हणाली, "मॅडम, मावशी आभाळाकडं बघून काहीतरी बोलायलत्या, तर हे म्हणाले, मावशी, वळीव आहे, वळीवच म्हणायचं." आणि मग हसत, पावसाच्या आवाजावरून ओरडून, "आणि मंगळसूत्राची पिशवी ह्यांनी सकाळपासून स्वतःच्या गळ्यात अडकवलीय!"